ओमानला जाताना कोणते कपडे न्यावेत? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईहून मस्कत विमानाने तीन तासांच्या आत येतं, त्यामुळे चार-पाच दिवसांची सुट्टी काढून ओमान फिरून येणारी मराठी कुटुंबं हल्ली बरीच भेटतात. काय काय पाहायचं याची यादी सगळ्यांची तयार असते. अडतं ते बॅग भरताना. ऊन कडक, देश जुन्या वळणाचा. मग कपडे कमी न्यायचे की अंगभर, या ओढाताणीत ऐन वेळी नको ते कपडे बॅगेत जातात. माझं मत असं, की ही ओढाताण करायचं कारणच नाही. तिथल्या उन्हाला आणि तिथल्या रीतीला एकच पोशाख चालतो: सैल, सुती, अंगभर. तो आपल्या कपाटात आधीपासून असतो.

ओमानमध्ये बायकांना डोकं झाकावं लागतं का?

फक्त मशिदीत. रस्त्यावर, बाजारात, हॉटेलात, बसमध्ये परदेशी बाईने डोकं झाकावं अशी सक्ती नाही. इराणमध्ये पाहुण्या बाईलाही कायद्याने डोकं झाकावं लागतं, तसं इथे नाही. अपेक्षा एवढीच, की बाई असो की पुरुष, खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत. मस्कतच्या मॉलच्या दारांवर तशा पाट्याही दिसतात.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. ओमानी माणूस अतिशय अदबशीर असतो. तुमचे कपडे खटकले तरी तोंडावर सहसा बोलणार नाही, नजर दुसरीकडे वळवेल. कोणी काही बोललं नाही म्हणून सगळं चालतं, असं समजू नका.

कोणत्या महिन्यात किती गरम होतं?

ऑक्टोबर ते एप्रिल हा फिरण्याचा काळ. त्यातही डिसेंबर ते फेब्रुवारी उत्तम; दुपारी पंचविशीच्या आसपास पारा आणि संध्याकाळी समुद्रावर छान वारा. मे ते सप्टेंबर मात्र मस्कतमध्ये पारा अनेकदा चाळिशी ओलांडतो, आणि किनाऱ्यावर वर दमटपणाही असतो. मस्कतच्या दक्षिणेला कुरय्यात नावाचं किनाऱ्यावरचं गाव आहे. २६ जून २०१८ला तिथे चोवीस तासांत पारा ४२.६ अंशांच्या खाली उतरलाच नाही. म्हणजे रात्रीचं, सगळ्यात थंड वेळेचं तापमान ते! जून ते ऑगस्ट दुपारी साडेबारा ते साडेतीन उघड्यावर मजुरांकडून काम करून घ्यायला सरकारनेच बंदी घातलेली आहे. ज्या वेळी तिथे मजूरही उन्हात काम करत नाहीत, त्या वेळी तुम्हीही लेकराबाळांना घेऊन किल्ला चढू नका.

एवढ्या उकाड्यात लांब बाह्या कशा सहन होतील?

उघड्या हातांपेक्षा बऱ्या सहन होतात. आपल्याकडे भर उन्हात स्कूटर चालवणाऱ्या मुली सनकोट आणि स्कार्फ घालूनच निघतात ना? कारण तेच. ओमानमध्ये सावली कमी, जमीन पांढरी-पिवळी, भिंती चुन्याच्या. ऊन वरून येतं तसं खालूनही उसळून येतं. उघडी कातडी तासाभरात भाजते. सैल बाहीत हवा खेळते आणि घाम वाळताना अंग गार होतं. ओमानी पुरुषांचा दिशदाशा नीट पाहा: मानेपासून घोट्यापर्यंत एकच सरळ झगा, बहुधा पांढरा, कमरेला कुठेही आवळलेला नाही. गळ्याशी एक छोटा गोंडा लोंबतो, तो अत्तरात बुडवायची पद्धत आहे. उन्हात पिढ्यान् पिढ्या काढलेल्या लोकांचा हा पोशाख आहे, त्यात शिकण्यासारखं पुष्कळ आहे.

खरा त्रास लांब बाहीने होत नाही, घट्ट आणि सिंथेटिक कपड्याने होतो. अंगाला चिकटणारी लेगिंग आणि पॉलिएस्टरची कुर्ती घालून दुपारी मस्कतमधल्या मत्रहच्या बाजारात अर्धा तास फिरलात, की हे लगेच कळतं.

मग कापड कोणतं घ्यावं?

मलमल, खादी, साधं हातमागाचं सुती कापड, लिनन. आपली खादी भांडारं आणि हातमागाची दुकानं यासाठी पुरेशी आहेत; महागडे 'ट्रॅव्हल वेअर' घ्यायची गरज नाही. खरेदीआधी एक करा: कपडा खिडकीसमोर धरून पाहा. पलीकडचा हात स्पष्ट दिसला, तर त्याला अस्तर लावा किंवा आत स्लिप घाला. ओमानच्या उन्हात पातळ पांढरा कुर्ता जवळजवळ आरपार दिसतो, आणि अंगभर कपडे घालण्याचा अर्थच राहत नाही. फिका निळा, पिस्ता, राखाडी असे रंग सोयीचे. लष्करी छापाचे हिरवे-तपकिरी कपडे मुळीच नेऊ नका. ते सैन्याचे कपडे मानले जातात आणि विनाकारण विचारपूस होते.

सुलतान काबूस भव्य मशीद पाहायची आहे. तिथले नियम काय?

इथे नियम खरोखर पाळले जातात, म्हणून जरा सविस्तर सांगते.

मशीद २००१मध्ये खुली झाली. इतर धर्मीयांना शनिवार ते गुरुवार, सकाळी ८ ते ११ या वेळेत प्रवेश असतो, शुक्रवारी नसतो. ओमानमध्ये साप्ताहिक सुट्टी शुक्रवार-शनिवार असते, हेही बेत आखताना लक्षात असू द्या.

बायकांसाठी: केस पूर्ण झाकलेले, बाह्या मनगटापर्यंत, खाली घोट्यापर्यंत कपडा, आणि काहीही घट्ट किंवा आरपार दिसणारं नको. पुरुषांसाठी: पूर्ण लांबीची पँट आणि बाह्यांचा शर्ट. दारावरचे कर्मचारी एकेकाकडे नीट पाहून आत सोडतात.

आपल्या बायका अडकतात त्या दोन जागी. पहिली जागा म्हणजे लेगिंगवर दोन्ही बाजूंनी कापलेला कुर्ता. चालताना कट मांडीपर्यंत उघडतो, आणि लेगिंग घट्ट म्हणून गणली जाते. त्याऐवजी सलवार किंवा सैल पलाझो घाला. दुसरी जागा म्हणजे शिफॉनची ओढणी. तिच्यातून केस दिसतात आणि ती दर दोन मिनिटांनी घसरते. सुती, अडीच मीटरच्या आसपासची ओढणी घ्या, कपाळावरून घेऊन हनुवटीखाली एक सेफ्टी पिन लावा, उरलेलं टोक उलट्या खांद्यावर टाका आणि तिथेही एक पिन. आत कॉटनची टोपी किंवा रुंद हेअरबँड घातला, तर ओढणी जागची हलत नाही. हे घरी आरशासमोर एकदा करून पाहा. म्हणजे आत गेल्यावर लक्ष ओढणीत न राहता वर राहील, आणि वर पाहण्यासारखं फार आहे: मुख्य दालनातलं ते प्रचंड स्फटिकाचं झुंबर, आणि पायाखाली इराणमध्ये विणकर स्त्रियांनी हातांनी विणलेला अखंड गालिचा, जो विणायला चार वर्षं लागली. बांधकामाला वापरलेला वालुकाश्म तर भारतातून गेलेला आहे.

कपडे नियमात बसले नाहीत तर आवारातच अबाया, म्हणजे कपड्यांवरून घालायचा सैल अंगभर झगा, भाड्याने मिळतो. पण तिथे रांग असते, आणि अकराला प्रवेश बंद होतो.

साडी चालेल का?

मस्कतच्या रस्त्यांवर साडी अजिबात नवी नाही. भारतीय लोक तिथे एवढे आहेत, की साडी नेसलेल्या बाईकडे कोणी वळूनही पाहत नाही. रुवीसारख्या भागात तर दुकानदार तुमच्याशी हिंदीतच बोलेल.

मशिदीत मात्र साडी अडचणीची ठरते. कंबर आणि पाठ उघडी राहते, बाह्या आखूड असतात, आणि पदर डोक्यावर घेतला तरी केस पुढून दिसतातच. आई किंवा सासूबाई साडीखेरीज काही नेसतच नसतील, तर त्यांच्यासाठी मनगटापर्यंत बाह्यांचं, कमरेखाली येणारं सैल ब्लाउज शिवून घ्या आणि वरून मोठी सुती शाल द्या. किंवा तिथे साडीवरूनच अबाया चढवा; तो इतका सैल असतो की आत पाचवारी सहज मावते. माझ्या मते ज्येष्ठ बायकांसाठी हाच मार्ग बिनत्रासाचा आहे. त्यांना आयुष्यभराची सवय मोडून पंजाबी ड्रेस घालायला लावू नका.

मंगळसूत्र, टिकली, गळ्यातला देवाचा लॉकेट काढून ठेवावा लागतो का?

मुळीच नाही. मशिदीतही टिकलीवरून कोणी काही म्हणत नाही. मस्कतमध्ये जुनं शिवमंदिर आहे, दारसैतला कृष्णमंदिर आहे, आणि गुजराती व्यापारी घराणी तिथे पिढ्यान् पिढ्या राहतात. नरेंद्र मोदींनीही फेब्रुवारी २०१८मध्ये तिथल्या शिवमंदिराला भेट दिली होती. टी-शर्टवर मात्र कुठल्याही धर्माच्या, राजकारणाच्या घोषणा किंवा चावट मजकूर नको.

पुरुषांना काय नियम? बर्म्युडा चालते का?

गुडघ्याच्या वरची हाफ पँट फक्त हॉटेलच्या पोहण्याच्या तलावावर. इतरत्र थ्री-फोर्थ चालून जाते, पण पूर्ण पँट चांगली दिसते. एक प्रकार मला फार खटकतो: बायको अंगभर कपड्यांत, डोक्यावर ओढणी, आणि शेजारी नवरा बिनबाह्यांचा बनियन-टीशर्ट आणि आखूड चड्डीत. मर्यादेचा भार एकट्या बाईने का वाहायचा? ओमानी पुरुष स्वतः मनगटापासून घोट्यापर्यंत झाकलेला असतो. अपेक्षा दोघांकडून सारखीच आहे. दोन सुती पँट, चार सैल शर्ट किंवा कुर्ते, संपला विषय. आपला साधा पांढरा झब्बा-लेंगा तर तिथे उत्तम शोभतो.

वाडीत पोहायला जायचं आहे. काय घालायचं?

वाडी म्हणजे डोंगरातली घळ. तिच्यात कुठे कुठे बारमाही हिरवंगार पाणी साठतं. वाडी शाब आणि वाडी बनी खालिद या दोन सगळ्यात प्रसिद्ध. लोकांना सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो, कारण निसर्गात आहोत म्हणजे समुद्रकिनाऱ्यासारखं काहीही चालेल असं वाटतं. पण या जागा गावांना लागून आहेत. गावातली कुटुंबं तिथे सहलीला येतात, मुलं पाण्यात खेळतात, बायका काठावर बसलेल्या असतात. पोहतानाही अंग झाका अशा पाट्या लावलेल्या आहेत.

वाडी शाबला आधी छोट्या होडीतून पलीकडे जायचं, मग खडकांतून पाऊण तास चालायचं, आणि त्यानंतर एकामागून एक डोह पोहत एका अरुंद फटीतून गुहेत शिरायचं. आत धबधबा आहे. म्हणजे एकाच पोशाखात चालायचं, चढायचं आणि पोहायचं. सुती कपडा इथे उपयोगाचा नाही. तो पाणी पिऊन जड होतो, पायात गुंततो, आणि पांढरा असेल तर भिजल्यावर झाकण्याचं कामही करत नाही. गडद रंगाचा, लायक्रा किंवा नायलॉनचा लांब बाह्यांचा टॉप आणि गुडघ्याखाली जाणारी पोहण्याची पँट घ्या. आपल्याकडे पोहण्याच्या तलावांसाठी बायका जो अंगभर स्विमसूट वापरतात, तो इथे अगदी योग्य. पुरुषांनी टी-शर्ट आणि गुडघ्यापर्यंतची शॉर्ट. बिकिनी आणि पुरुषांची आखूड स्विमिंग ट्रंक इथे नको.

पायात भिजले तरी चालतील असे, घट्ट पट्ट्यांचे, चांगल्या पकडीचे फ्लोटर्स हवेत. खडक शेवाळलेले असतात. स्लिपर निसटून जाते. टर्किश टॉवेलऐवजी पंचा न्या. तिथल्या हवेत तो बघता बघता वाळतो, आणि परतीच्या वाटेवर खांद्यावर घेता येतो. फोनसाठी पाणी न शिरणारी पिशवी विसरू नका. आणि आभाळ भरून आलं असेल, तर कपडे कितीही नीट असोत, वाडीत उतरू नका. डोंगरात पडलेल्या पावसाचा लोंढा क्षणात खाली येतो.

हॉटेलच्या तलावावर किंवा किनाऱ्यावर?

हॉटेलच्या तलावावर आणि त्यांच्या खासगी किनाऱ्यावर नेहमीचा पोहण्याचा पोशाख चालतो. तिथून लॉबीत येताना वर काहीतरी घाला. कुरमसारख्या सार्वजनिक किनाऱ्यावर टी-शर्ट आणि गुडघा झाकणारी पँट.

निझवा आणि डोंगरातल्या गावांत जास्त काळजी घ्यावी लागते का?

हो. मस्कत हे बंदर आहे, त्याला पाहुण्यांची सवय आहे. निझवा ही जुनी इमामांची राजधानी. वातावरण जास्त शिस्तीचं. शुक्रवारी पहाटेपासून तिथला बकऱ्यांचा बाजार भरतो. विकणारे बकऱ्यांना दोरीने धरून गोल गोल फिरवतात आणि गिऱ्हाईक कडेला बसून बोली लावतं. गर्दी असते, धूळ असते, शेण-लेंड्या असतात. जमिनीवर लोळणारा पलाझो घालून गेलात तर काठ काळाकुट्ट होऊन परत येतो. घोट्यापर्यंतची सलवार आणि बंद बूट घाला.

मिस्फात अल अब्रीयीन हे खजुराच्या बागांमधलं गाव फार देखणं आहे. अंग झाकून या, अशी विनंती गावाच्या तोंडाशीच आहे. लोक तिथे राहतात, आणि आपण त्यांच्या अंगणातून चाललेलो असतो. अशा गावांत फलज, म्हणजे पाण्याचे जुने पाट, असतात. ओमानमधले असे पाच पाट २००६मध्ये जागतिक वारशात आले. गावोगाव या पाटांवर पुरुषांच्या आणि बायकांच्या अंघोळीच्या वेगळ्या जागा असतात. तिकडे डोकावू नका. बायकांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. नाही म्हटलं तर हसून पुढे चला.

चपला-बूट किती न्यावेत?

दोन जोड पुरे. चालायचे हलके बूट, आणि वर सांगितलेले फ्लोटर्स. मशिदीच्या दालनात पादत्राणं काढावी लागतात, म्हणून त्या दिवशी लेसचे बूट टाळा. एक पातळ मोज्यांचा जोड पर्समध्ये ठेवा.

गरम देशात स्वेटर कशाला?

तीन कारणांनी. एक म्हणजे एसी. मॉल आणि दूरच्या पल्ल्याच्या बस इतक्या गार ठेवतात, की बाहेरून घामेजून आलेला माणूस कुडकुडतो. मशिदीसाठी घेतलेली मोठी ओढणी इथेही कामाला येते.

दुसरं, डोंगर. जबल अखदरचं सैक पठार सुमारे २,००० मीटरवर आहे, जबल शम्स त्याहून उंच, ३,००० मीटरच्या आसपास. हिवाळ्यात तिथे रात्री पारा शून्याजवळ जातो. मस्कतमध्ये दुपारी टोपी आणि गॉगल, आणि त्याच रात्री डोंगरावर जाकीट, कानटोपी: एकाच दिवसात दोन्ही लागू शकतं. तिसरं, शर्किया वाळवंटातला मुक्काम. डिसेंबर-जानेवारीत तिथली रात्र चांगलीच गार असते. दिवसा तोंडाला गुंडाळायला सुती स्कार्फ ठेवा. वाळू डोळ्यांत, कानांत, कॅमेऱ्यात, सगळीकडे जाते.

जून ते सप्टेंबरमध्ये सलालाला जातोय. तिथेही एवढंच ऊन असतं का?

नाही, दक्षिण ओमानमधल्या सलालाचं गणित उलटं. जूनच्या शेवटापासून सप्टेंबरपर्यंत तिथे खरीफ असतो: नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांमुळे धुकं, भुरभुर पाऊस, हिरवे डोंगर, आणि पारा पंचविशीच्या आसपास. इगतपुरीचा श्रावण डोळ्यांसमोर आणा. इथे मलमलीपेक्षा पटकन वाळणारे कपडे बरे, कारण धुतलेले सुती कपडे दोन-दोन दिवस दमट राहतात. विंडचीटर, छत्री, चिखलात चालणारे बूट. सलालाचा समाज मस्कतपेक्षा जास्त पारंपरिक आहे. बऱ्याच बायका चेहराही झाकतात. पाहुण्यांनी तसं करायची अपेक्षा नाही, पण बिनबाह्यांचे आणि आखूड कपडे इथे नकोच.

रमजानमध्ये गेलो तर?

सध्याची काही वर्षं रमजान नेमका फिरण्याच्या हंगामात येतोय, म्हणून तारखा आधी पाहा. त्या महिन्यात दिवसा चारचौघांत खाणं, पिणं, धूम्रपान कायद्याने बंद असतं. पाण्याचा घोटही नाही. कपडे नेहमीपेक्षा थोडे अधिक झाकलेले ठेवा. इतर महिन्यांत मात्र पाण्याची बाटली आणि ओआरएसची पाकिटं सतत जवळ हवीत.

मुलांना काय घालायचं?

लहानग्यांना कोणी काही म्हणत नाही. मुलगी वयात येऊ लागली असेल, तर तिच्यासाठी मोठ्यांचेच नियम धरा, आणि ते का, हे तिला घरूनच नीट समजावून सांगा. मशिदीच्या दारात रागवारागवी नको. उन्हाची टोपी सगळ्यांनाच.

फराळ आणि औषधं नेता येतात का?

चिवडा, लाडू, चटण्या बंद पाकिटांत न्या. खसखस मात्र घरीच राहू द्या. संयुक्त अरब अमिरातीत तिला अमली पदार्थ मानतात, आणि पुष्कळांचा प्रवास दुबईमार्गे असतो. दिवाळीनंतर जात असाल तर अनारसे आठवून बाजूला काढा. त्यांच्या पाठीला खसखसच असते. घरचा मसाला नेणार असाल, तर त्यात ती आहे का हे आईला विचारा. खोकल्याची आणि जोरकस वेदनाशामक औषधं, ज्यांत कोडीन किंवा ट्रामाडॉल असतं, ती टाळा. नेणं भागच असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी आणि मूळ वेष्टनासह, आणि आधी नियम तपासूनच.

पाच दिवसांसाठी बॅगेत नेमकं किती भरायचं?

बाईसाठी: तीन लांब कुर्ते, दोन सैल सलवारी किंवा पलाझो, मशिदीसाठी एक पूर्ण जोड, दोन सुती ओढण्या, पोहण्याचा एक अंगभर पोशाख, एक स्वेटर. पुरुषासाठी चार शर्ट, दोन पँट, एक पोहण्याची शॉर्ट, जाकीट. कोरड्या भागात रात्री धुतलेलं सकाळपर्यंत वाळतं, म्हणून याहून जास्त लागत नाही. पंचा, टोपी, गॉगल, सनस्क्रीन, मूठभर सेफ्टी पिना. मशिदीचा जोड चेक-इन बॅगेत न ठेवता केबिन बॅगेत ठेवा. सामान उशिरा आलं तरी सकाळचा बेत चुकत नाही. चार्जरसाठी चौकोनी तीन पिनांचा ॲडाप्टर लागतो.

तिथून कपडे विकत आणावेत का?

मत्रहच्या बाजारात 'पश्मिना' म्हणून टांगलेल्या बऱ्याच शाली भारतातूनच गेलेल्या असतात, त्या घेऊन परत आणण्यात अर्थ नाही. घ्यायचीच असेल तर कुम्मा घ्या, ओमानी पुरुषांची भरतकामाची गोल टोपी. मशीनवरच्या स्वस्त मिळतात. हातभरतकामाच्या टोपीची किंमत बरीच असते, आणि तशीच असायला हवी, कारण एकेका टोपीला बाईचे कित्येक आठवडे जातात. तिच्यातली बारीक भोकं हातानेच टाचलेली असतात, त्यांतून डोक्याला वारा लागतो. टोप्या मापाच्या असतात, म्हणून ज्याच्यासाठी घेणार त्याच्या डोक्याचा घेर सेंटिमीटरमध्ये लिहून न्या. दुपारी एक ते चार बाजार बहुतेक बंद असतो, संध्याकाळी जा.